तंबाखूच्या डबीतल्या गोळ्या

सोमवार, संध्याकाळ

वॉर्डातल्या सगळ्या खाटांना एकच औषध कसं चालंल? शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा ताप दोन दिवसांत उतरला, आमच्या मालकांचा न्हाय. अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला, ऑपरेशन झालं, नळी घातली, तरी दिवस कलला की अंग तापतंयच.

आज डॉक्टरीणबाईंना अडवून विचारलं. त्या म्हणाल्या, "मावशी, पू तपासायला दिलाय. गुरुवारपर्यंत रिपोर्ट येईल, मग यांना लागू पडेल तेच औषध देऊ. आधी काही गोळ्या घेत होते का? अर्धवट घेतल्या असतील तर नेहमीचं औषध लागू पडत नाही."

ह्यांनी डोळ्यांनी दटावलं. मी न्हाय म्हटलं.

का म्हटलं? फाउंड्रीतली पाळी चुकू नये म्हणून हे वर्षानुवर्षं डॉक्टरला न दाखवता मेडिकलमधनं तापाच्या अँटिबायोटिक गोळ्या आणायचे. दोन खायचे, बरं वाटलं की उरलेल्या तंबाखूच्या डबीत. ती डबी आत्ता माझ्या पिशवीत हाय.

बाई गेल्यावर हे म्हणतात, "वरडली असती की ती."

"मग मरा गप पडून," म्हटलं. बोलून गेले आणि लगेच त्यांचं पांघरूण सारखं केलं.

उद्या डबीच ठेवते बाईंच्या टेबलावर. वरडू देत. पण गुरुवारपर्यंत त्यांनी मला सांगायचं, ह्यांच्या पोटाला कुठलं औषध लागू पडतंय.