एक्केचाळीस नंबरची हजेरी

२ एप्रिल २००७, सोमवार
शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत आज रुजू झालो. आईनं कबनूरच्या अख्ख्या गल्लीत सांगून टाकलंय, प्रसेनजीत कॉम्प्युटरवाला साहेब झाला. काम एवढंच: कामगार गेटवर नंबर दाबतात, ती हजेरी इंटरनेटवर चढवायची, म्हणजे मालकांना पुण्यात बसून दिसेल. सर्व्हर भाड्याचा, अमेरिकेतला. त्याला बिचाऱ्याला शिरोली कुठली ठाऊक! टाइमकीपर जोतीराममामांनी आल्याचा चहा पाजला. मजा येणार इथं.

४ एप्रिल
साइट चढली. चाचणीला एक नंबर हवा होता. साठांत फक्त एक्केचाळीस रिकामा. त्यावर माझंच नाव टाकलं, खातं भट्टी. मामांचा चेहराच उतरला. तो नंबर पिराजीचा. सहा वर्षांपूर्वी भट्टीवर वितळलेलं लोखंड अंगावर सांडून तो मेला. कामावर मेलेल्याचा नंबर इथं कुणाला देत नाहीत. "रिकामा न्हाय त्यो पावणं, ठेवलेला हाय," म्हणाले. मला हसू आलं. आमच्या घरात भुताखेतांचं नाव काढलं तरी बाबा पानावरून उठवायचे. चाचणी झाली, नोंद पुसून टाकली.

५ एप्रिल
पुसलेली नोंद परत आली. एक्केचाळीस, माझं नाव, आत ८.००, बाहेर कोरं. जुनी फाइल राहिली असणार. सगळं काढून पुन्हा चढवलं. लाइन इतकी संथ की तीन तास गेले. दिवसभर खुर्चीत बसूनही खांदे भरून आलेत.

७ एप्रिल
परत हजर. संध्याकाळी घरी गेलो तरी बाहेरचा रकाना कोराच. तळहातांना फोड आलेत. माउस धरून कधी कुणाला फोड आलेत? फार दमलोय. आई म्हणते, अंगाला जळका वास येतोय.

९ एप्रिल
दुसरा सर्व्हर घेतला. नुसता प्रोग्राम चढवला, एकही नाव घातलं नाही. साइट उघडली. एकच नाव होतं. माझं.
भीती वाटतेय. आणि भ्यायलाही अंगात त्राण नाही.

१० एप्रिल
मामांना सगळं सांगितलं. आधी चिडले. शेवटी म्हणाले, पिराजीची त्या दिवशीची बाहेरची वेळ त्यांनीच रजिस्टरात भरली होती. रकाना कोरा कसा ठेवायचा? त्याचा जीव गेला, ती वेळ लिहिली.
म्हणजे माझा रकाना कोरा आहे तोवर—

११ एप्रिल
कामाला गेलो नाही. उठवतच नव्हतं. कबनूरच्या कॅफेत बसून बघतोय. आत ८.००. मी इथं आणि तिथं— पुसतो, परत येते. हात भाजल्यासारखे.

१२ एप्रिल
कॅफे. बाहेरचा रकाना भरलाय. ३.५२. घड्याळात ३.५० — पुसलं. आलं. पुसलं — कॅफेवाला विचारतोय, पाणी देऊ काय, एवढा घाम का — पंखा चालू आहे — तोंडावर झळ, समोर काहीतरी लाल, कललंय — आई, मी आत नाही, मी कबनूरला आहे, मी—