गुळणीचं पाणी

३ मार्च, मंगळवार

हृदयाचे डॉक्टर म्हणाले, झडप बदलायची, पण आधी तोंड साफ करून या. मला वाटलं रागावले! तसं नव्हतं. खालची दाढ किडली आहे, हिरडीतून पू येतो. ती घाण रक्तातून जाऊन नव्या झडपेवर बसली, तर सगळंच मुसळ केरात. म्हणजे एवढं हृदयाचं ऑपरेशन, ते एका दाढेपायी अडलंय.

४ मार्च, बुधवार

दातांची डॉक्टर आमच्या लेकीच्या वयाची. खुर्ची आडवी केली आणि मला धाप लागली. आडवं झालं की माझ्या छातीत पाणी चढतं, घरी तीन उशा लागतात. तिनं मुकाट्यानं खुर्ची सरळ केली आणि स्वतः वाकून तोंडात डोकावली. दाढ पुढच्या शुक्रवारी, हृदयवाल्यांशी बोलून. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करायची नाही.

लघवीच्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, म्हणून दात लवकर किडतात म्हणे. दर दोन तासांनी साध्या पाण्याची गुळणी करायची. ही सोबत होती; हिनं लगेच विचारलं, ते पाणी लिटरात धरायचं का? – छातीत पाणी चढू नये म्हणून मला दिवसाला प्यायला एकच लिटर. ही सकाळी खुणेपर्यंत बाटली भरते, चहासुद्धा त्यातच. डॉक्टर म्हणाली, थुंकायचं ते कशाला धरायचं?

निघताना हिला म्हणाली, काकू, तुमचेही ओठ फुटलेत की. ही म्हणाली, हवाच कोरडी आहे.

६ मार्च, शुक्रवार

गुळणी केली. तीन वर्षं घोटाघोटानं पितोय. तोंडभर पाणी आल्यावर ते थुंकायचं कसं? अर्धं थुंकलं.

७ मार्च, शनिवार

आज थुंकलंच नाही.

९ मार्च, सोमवार

सगळी नोकरी पाणीखात्यात गेली. घरोघरी मीटर बघत हिंडायचो. मीटरच्या आधी चोरून नळ जोडणारे मला वासावर सापडायचे. काय एकेक सबबी सांगायचे! मी कुणाचं ऐकलं नाही. आता वाटतं, एखाद्याला खरंच तहान लागली असेल.

गुळण्यांना मी इतका नेमाचा झालोय, की ही शेजारणीला कौतुकानं सांगते.

१२ मार्च, गुरुवार

वजन वाढलं. पावलं सुजली, चप्पल शिरेना. उद्याची दाढ पुढे ढकलली. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, हृदय आणखी थकलेलं दिसतंय, असंच राहिलं तर ऑपरेशन झेपणार नाही. ही पुन्हा पुन्हा विचारत होती, आमचं कुठे चुकलं? मी भिंतीवरचा फळांचा तक्ता वाचत होतो.

घरी येऊन हिनं बाटलीवरची खूण दोन बोटं खाली घेतली. स्वतःलाच बोल लावत होती. मला मरणाची भीती वाटते, आणि हिला कळेल याची. दुसरी जास्त.

१३ मार्च, शुक्रवार

पकडलो गेलो. बेसिनपाशी ही मागे येऊन उभी होती.

"गुळगुळ ऐकू येते. थुंकल्याचं कधीच ऐकू येत नाही."

मी नळ बंद केला.

"मीटरच्या आधीच नळ जोडलात ना?"

रडली असती तर परवडलं असतं. तिनं स्टीलचं पातेलं आणलं. आता अर्धी वाटी पाणी तोंडात, अर्धी वाटी पातेल्यात परत. कमी भरलं तर तेवढं बाटलीतून कापणार. हृदयाच्या डॉक्टरांना फोनही तिनंच केला. ते आधी हसले, मग मला फोनवर घेऊन बोल बोल बोलले.

१८ मार्च, बुधवार

सूज उतरली. चप्पल शिरते.

२० मार्च, शुक्रवार

दाढ निघाली! मोठ्या हॉस्पिटलात, छातीला वायरी लावून, बसल्या बसल्या. बशीत पडली ती शेंगदाण्याएवढी. एवढीशी ती, पण केवढा तिचा रुबाब. झडपेची तारीख मिळेल म्हणाले. तोंडात कापसाचा बोळा होता, म्हणून हिचा हात दाबला.

२१ मार्च, शनिवार

ही स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. शेजारणीनं रिक्षा आणली. दवाखान्यात सलाईन लावलंय. अंगात पाणीच नाही म्हणे. डॉक्टरांनी मला विचारलं, यांना पाणी पिताना शेवटचं कधी पाहिलंत? मला आठवेना.

२२ मार्च, रविवार

हिला घरी आणलं. खोदून खोदून विचारलं, तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाली, "तुम्ही घोट मोजणार आणि मी घटाघटा पिऊ? पहिल्या दिवसापासून मीही लिटरच धरला होता. मागे तुमची खूण खाली घेतली, तेव्हा माझंही कमी केलं."

मोठा ग्लास काठोकाठ भरून हिच्या हातात दिला. माझ्यासमोर पी, म्हटलं. मला फार लाज वाटत होती. ग्लास रिकामा होईपर्यंत मी समोर बसून राहिलो.