दफनभूमीतली पाचवी जागा

मी, विराज शमुवेल उजागरे, वय बावीस, राहणार पेण, सध्या मुक्काम रोह्यातल्या एका इस्पितळातली खाट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. पाय नाही, मांडीचं हाड मोडलं आहे. उद्या सकाळी त्यात रॉड घालणार, त्यासाठी भूल देणार. आज दुपारी एका कागदावर सही घेतली, की काही बरंवाईट झालं तर जबाबदारी आमची नाही. तो वाचताना लक्षात आलं, की माझी जबाबदारी मीही कुठे लिहून ठेवलेली नाही. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. शेजारच्या खाटेवर खलीलचाचा आहेत, कुवेतहून सुटीवर आले आणि जिन्यावरून पडले. ते म्हणतात, "रॉड घालतायत रे, मुंडकं नाय उडवत. मरायची येवढी कसली घाई?" तरी लिहितो.

कलम १. मोटारसायकल रविवारी कासूच्या वळणावर खडीवरून घसरली. तिचं जे उरलंय ते भंगारात द्यावं. ढोलकी आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाला. मात्र कोणाही पंचाच्या मुलाने तिला हात लावू नये. सगळे बेताल आहेत. (मीही पंचाचाच मुलगा आहे, हे मला माहीत आहे.)

कलम २. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची पुस्तकं ज्याला हवी त्याला. कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला काढलं नाही, याची नोंद असावी. अपेक्षा (ती कोण ते कलम ३ मध्ये) फाटकाशी माझी वाट बघत उभी होती आणि वर्गातला एकजण खिडकीतून तिला "काळी कातकरीण" म्हणाला. मी बाक उचलला. बाक मोडला, तो वाचला. माफी माग म्हणाले. मी घरी आलो आणि पुढच्या महिन्यात रोह्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे लागलो.

कलम ३. अपेक्षा हिलम आमच्याच मंडळीतली, कातकरी वाडीवरची, जोह्याच्या कारखान्यात गणपती रंगवते. मला ती आवडते. हे इथे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं. तिचे आजोबा नाथाबाबा बाप्तिस्मा घेतलेले, दर रविवारी वाडीवरून चालत येणारे. तीन वर्षांपूर्वी वारले, तेव्हा त्यांना दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. आत जागा नाही म्हणाले. आत आमच्या घराच्या पाच जागा आहेत, माझ्या आजोबांनी राखून ठेवलेल्या. दोन जागी आजी-आजोबा आहेत, दोन आईबाबांच्या, पाचवी माझी. म्हणजे जिवंत असलेल्या मला जागा आहे आणि मेलेल्या माणसाला नाही. जागा नाही असं सांगणारे पंच म्हणजे माझे बाबा.

तरी माझी पाचवी जागा मी अपेक्षाच्या आजीला, हौसाआजींना देत आहे. मी जगलो तर आजपासून ती त्यांची. मेलो तर त्यांच्यासाठी राखून ठेवावी आणि मला भिंतीबाहेर नाथाबाबांशेजारी पुरावं.

कलम ४. हे मिळकतीत बसत नाही, पण याच्याशिवाय बाकीचं खोटं ठरेल.

वाडीवरची माणसं आमच्या बाकांवर बसायला लागली, त्याच वर्षी बाबांनी प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी ज्याचे त्याला वेगळे, प्लास्टिकचे छोटे प्याले आणले. स्वच्छतेसाठी, म्हणाले. गेल्या वर्षी मला त्यातली खोच कळली. मी भर उपासनेत उभा राहून ओरडलो, "प्रभूने शिष्यांना वेगवेगळे ग्लास दिले होते काय?" आणि प्याल्यांची पिशवी नेऊन नाल्यात टाकली. बाबा म्हणाले, "काढ ती बाहेर." मी म्हटलं, "पणजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, हे तुम्हीच मला सांगितलंत ना? मग?" बाबा माझ्याशी दोन महिने बोलले नाहीत. शेवटी पाळकसाहेबांनी ठरवलं, की एकच प्याला, हातोहात.

परवाचा रविवार हा त्या एका प्याल्याचा पहिला. बाकावर हौसाआजी, मग मी, मग अपेक्षा. आजी प्यायल्या, त्यांनी मला दिला. मी प्यायलो, अपेक्षाला दिला. माझ्या मते एवढंच झालं. मला रडू येत होतं, आपण जिंकलो म्हणून.

बाहेर चपला घालताना अपेक्षा म्हणाली, "अंगठा बघ तुझा."

बघितला. अंगठ्यावर मिशेरीचा काळा डाग होता. आजींच्या ओठांची मिशेरी प्याल्याच्या काठाला लागली असणार, आणि मी काठ पुसून मग प्यायलो होतो. मला ते आठवत नाही. आत्ता लिहितानाही आठवत नाही. हात माझाच होता.

मी विचारलं, "आजींनी बघितलं?"

"तिनं दोन्ही बघितलं. तू रडत व्हतास ते, नि पुसत व्हतास ते."

मी म्हटलं, मिशेरी होती म्हणून पुसलं असेल. हे बोललो आणि बोलताबोलताच कळलं. माझी आजीसुद्धा मिशेरी लावायची. तिच्या उष्ट्या कपातला चहा मी लहानपणी रोज प्यायलोय. काठ कधी पुसला नाही.

अपेक्षा म्हणाली, "तुझे बाबा निदान सांगून करतात." मग मी गाडीला किक मारली. पुढचं कलम एकमध्ये आहे.

कलम ५. (चार वाजता हौसाआजी आणि अपेक्षा भेटायला आल्या, लिहिणं मध्येच थांबलं, म्हणून इथून अक्षर थोडं बदललं आहे. अंगठ्याबद्दल मी काहीतरी बोलायला गेलो. आजी म्हणाल्या, "पाय दुखतो काय रं?" आणि तो विषय त्यांनी तिथेच मिटवला. माझा मिटलेला नाही.)

मी आजींना कलम तीन वाचून दाखवलं. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल.

"मना नको रं पोरा," त्या म्हणाल्या. "माझा म्हातारा भायेर. मी आत निजू नि तो भायेर? आत समद्या तुमच्या मास्तरणी. मी बोलू कुनाशी?"

खलीलचाचा हसले. मला हसू आलं नाही. मी अपेक्षाला विचारलं, मग तुझ्यासाठी काय ठेवू? ती म्हणाली, "काय नको. तू देनारा नि आमी घेनारी, हे संपव आधी."

म्हणून कलम तीन रद्द. त्यावर आडवी रेघ मारली आहे, रेघ माझीच आहे. अपेक्षाला तिच्या सांगण्यावरून काही ठेवत नाही. हे लिहिणं मला जड गेलं, तेवढंच तिला कळावं.

कलम ६. आजी आत येणार नाहीत तर भिंतीने बाहेर जावं. मागची भिंत पाडून चार हात पुढे बांधावी, म्हणजे नाथाबाबा आत येतील आणि त्यांच्याशेजारी आजींना जागा राहील. पोस्टातली माझी सगळी शिल्लक यासाठी. हे काम बाबांनी करायचं. दुसरं कोणी नाही. मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी त्यांनाच नेमतो.

कलम ७. इथवर लिहिलं आणि बाबा डबा घेऊन आले. आजी स्टुलावरून उठायला लागल्या. बाबा म्हणाले, "बसा." कागद माझ्या हातातून घेऊन उभ्यानेच सगळा वाचला. मी ओरडायच्या तयारीत होतो. तोंडात वाक्यंसुद्धा तयार होती.

बाबा म्हणाले, "चार हातांत काय होणार?"

मी म्हटलं, "का? एक तर कबर आहे."

"अकरा आहेत."

मी आजींकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. अपेक्षालाही होतं. मला नव्हतं. मागे घाणेरीचं रान माजलंय, तिकडे मी कधी गेलोच नाही. नाथाबाबांना नेलं तेव्हाही भिंतीपाशी थांबून ढोलकी वाजवत होतो.

मी म्हटलं, "दफनाच्या रजिस्टरात तर एकच असेल..."

"रजिस्टरात एकही नाव नाही. मी लिहू दिली नाहीत." बाबा डबा हातात धरूनच उभे होते. "मला पाठ आहेत."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. बाबांनी डबा खाली ठेवला, माझं पेन मागितलं आणि मागच्या पानावर एकेक नाव लिहायला लागले. सातव्या नावाशी आजींनी थांबवलं. "त्याचं नाव बारक्या नाय, साहेब. घरात म्हनत व्हतो. बाप्तिस्म्यात गोविंदा." बाबांनी बारक्या खोडलं आणि गोविंदा लिहिलं.

तेव्हा कलम सहामध्ये 'चार हात' आहे तिथे 'अकराही कबरी आत येतील इतकी' असं वाचावं. मी जगलो तर भिंतीला मीही हात लावीन, पाय बरा झाल्यावर. बाबांनी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

मागच्या पानावरची अकरा नावं माझ्या अक्षरात नाहीत. ती शमुवेल उजागरे, पंच, यांच्या हातची आहेत आणि खरी आहेत, असं मी लिहून देतो.

सही: विराज शमुवेल उजागरे

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, पोरगा पूर्ण शुद्धीत आहे:
१. खलील अब्दुल करीम मुकादम, शेजारची खाट
२. विमलबाई ठाकूर, आया

रोहे, मंगळवार, दिनांक ४ फेब्रुवारी २०२५