लेकीच्या घरचं जेवण

मंगळ., ८ एप्रिल १९८६. टँपा.
हे सकाळीच कॉन्फरन्सला गेले. जाताना म्हणाले, "तू बीचवर जा, शॉपिंग कर." म्हटलं बरं. आणि भाड्याची गाडी काढली ती थेट टार्पन स्प्रिंग्ज. घरून, कॅरीहून निघतानाच ठरवलं होतं. ह्यांनाही कळलं असणार, लेकीचं, मनूचं गाव इथून तासाभराच्या आत आहे हे नकाशात कुणालाही दिसतं. पण आमच्या घरात मनूचं नाव निघत नाही. सप्टेंबरात तिनं ग्रीक निकोशी चर्चमधे लग्न लावलं त्या दिवशी ह्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली. खरोखरची. गुलाबी टबात, शॉवरखाली, जानवं हातात धरून. एवढे शिकलेले डॉक्टर! मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. काय बाई तरी मी.

मनूला आल्याचं सांगितलेलं नाही. हे हॉस्पिटलात गेले की फोन करते अधूनमधून, "बरी आहेस?" "बरी आहे." संपलं. लेकीला एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. आणि जमलं तर, जमलंच तर, ह्यांना तिच्या दारात नेऊन उभं करायचं आहे. पाच दिवसांत.

गाव मात्र गोड. अमेरिकेत आहोत असं वाटतच नाही. या लोकांचे आजे-पणजे ग्रीसहून आले, समुद्रात बुड्या मारून स्पंज काढायला. अजून धक्क्यावर बोटी, निळ्या-पांढऱ्या, स्पंजांच्या माळा वाळत घातलेल्या. म्हातारे खुर्च्या टाकून बसलेत, हातवारे करत भांडताहेत की गप्पा मारताहेत कळत नाही. अगदी आपल्यासारखे. साडीकडे सगळे टकामका बघत होते. बघा म्हटलं.

पालकाची पाइ खाल्ली, पापुद्रे हे असे! मग बाकलावा. पाकानं बोटं चिकट झाली ती रस्त्यातच चाटली. खाताना बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून रडू आलं. लेक दोन गल्ल्यांवर आणि आई मिठाई खातेय.

निकोच्या आईचं रेस्टॉरंट धक्क्यासमोरच आहे, मनूनं फोनवर सांगितलेलं. समोरून तीनदा गेले. गल्ल्यावर एक जाड बाई, काळ्या कपड्यांत. तीच विहीण. आत गेले नाही.

बुध., ९
पुन्हा टा. स्प्रि. ह्यांना सांगितलं, मॉल.

आज ग्रीक सॅलड. चीज, ऑलिव्ह, बीट, आणि सगळं उपसल्यावर तळाशी बटाट्याचं सॅलड! कशाला लपवतात कोण जाणे. द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भातही खाल्ला. अळूवडीची चुलतबहीण. स्पंजवाले एक काका होते दुकानात, म्हणाले, आमचा ईस्टर अजून यायचाय, कडक उपास चालू आहेत, मटण नाही, दूध नाही, अंडं नाही. मग तुम्ही आज काय जेवलात, तर म्हणे ऑक्टोपस. उपासाला ऑक्टोपस चालतो! मी हसले, म्हटलं आमच्याकडे साबुदाणा चालतो, त्याचंही कारण कुणाला सांगता येत नाही. कितीतरी महिन्यांनी अशी हसले असेन.

त्यांच्या चर्चमधेही जाऊन आले. आत मेणबत्त्या, धूप, सोनेरी देव. इथंच लागलं माझ्या लेकीचं लग्न. कुठे उभी राहिली असेल? कुणी धरलं असेल तिला? मामा नाही, मावशी नाही, आई नाही. बाकावर बसून मनसोक्त रडले. कुणी काही विचारलं नाही. रडणाऱ्या बायकांची सवय असावी त्या जागेला.

रेस्टॉरंटसमोरून आज दोनदाच. धीरच होत नाही. मनू "का आलीस" म्हणाली तर?

गुरु., १०. पाडवा.
हॉटेलात कुठली गुढी आणि कुठला कडुलिंब. चहातली लिंबाची फोड सालासकट चावली आणि ह्यांनाही दिली. ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली. आज वर्षाचा पहिला दिवस, आज नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी रेस्टॉरंटात गेले.

दार ढकललं. विहिणीनं मान वर केली आणि गल्ला उघडा टाकून धावतच आली. "मनूज मदर! मनूज मदर!" ओळखलं कसं? तर भिंतीवर, त्यांच्या देवाशेजारी, आमचा फोटो. मी आणि हे, कॅरीच्या घरासमोर. मनूनं लावलेला. आम्ही तिला घरातून पुसून टाकलं, आणि तिनं आम्हाला इथे देवाशेजारी. पुढे लिहवत नाही.

नाव एलेनी. मला मिठीत घेऊन गालाचे मुके घेतले. पर्समधे कुंकवाची डबी होती, विहिणीला लावावं म्हणून काढली, मग तिचे विधवेचे काळे कपडे बघून परत ठेवली. तिला काही इंग्रजी धड येत नाही, मला ग्रीक नाही. निकोला बोटीवर निरोप धाडला, मनूला बँकेत फोन केला. तेवढ्यात टेबल भरून टाकलं. टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल, पालकभात, वांगी, पाव. सगळं उपासाचं, म्हणजे मलाही चालणारं. वास असा की तोंडाला पाणी सुटलं.

आणि मी खाल्लं नाही. "फुल, फुल," म्हणत बसले. पोरीच्या सासरी तिला मूल होईतो आईबापानं जेवायचं नसतं. माझी आई माझ्याकडे पाणीसुद्धा प्यायली नव्हती मनू होईपर्यंत. गावातली सगळी हॉटेलं पालथी घातली मी दोन दिवस, इथेच हात आखडला. एलेनीनं ताट पुढे सारलं, मी मागे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. तिचं तोंड उतरलं. त्यांच्यात पाहुण्यानं अन्न नाकारणं म्हणजे तोंडात मारणं. मला काय ठाऊक!

मनू आली. वाळलीये. मिठी मारली, दोघी रडलो, आणि मग ताट बघून भडकली. "आई, अनबिलीव्हेबल! बाबा तिकडे मला मेली म्हणतात, आणि तू इथवर येऊन यांच्या घरचं खात नाहीस? कशाचा विटाळ होतो तुला?"
म्हटलं, "अगं विटाळ नाही गं राणी. तुला मूल झाल्याशिवाय मी कशी जेवू तुझ्याकडे? रीत आहे आपली."
मनू समोरच्या खुर्चीत बसली.
एलेनीनं विचारलं, काय म्हणते ती? मनूनं खाली बघत सांगितलं. एलेनीनं छातीवर क्रूस काढला, माझ्याजवळ खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बेबी वॉज. जानेवारी. लॉस्ट."
"मम्मा, नो," मनू म्हणाली.
मम्मा तिला म्हणाली. मला नाही.

जानेवारीत मी फोन केला होता. "बरी आहेस?" "बरी आहे." हॉस्पिटलात तिच्या उशाशी ही बाई बसली होती. माझ्या लेकीचे केस हिनं विंचरले.

एलेनीनं ताट पुन्हा पुढे केलं. "देअर वॉज बेबी," म्हणाली. "सो. ईट."
जेवले. रीत मोडली की पाळली, देव जाणे. वालाला चव होती का आठवत नाही. मनू शेजारी बसून माझ्याच ताटातला पाव बुडवून खात होती, लहानपणी खायची तशी.

शुक्र., ११
काल ह्यांना सांगता आलं नाही. आज पाण्याच्या कडेनं संध्याकाळी फिरताना सांगितलं सगळं. मॉल नव्हता, टार्पन होतं. फोटो. बाळ.
हे चालत राहिले. मग म्हणाले, "कितवा महिना होता?"
मी विचारलंच नव्हतं. पोटभर जेवून आले, आणि हे विचारलं नाही.
"माहीत नाही," म्हटलं.
"मग विचार ना."
"तुम्ही विचारा. डॉक्टर तुम्ही आहात. बाप तुम्ही आहात."
मी बोलून गेले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, असं कधी बोलले नव्हते.

शनि., १२
हे शेवटच्या सेशनला गेलेच नाहीत. खोलीत बसून. टाय बांधला, सोडला. दुपारी म्हणाले, "नंबर काय आहे तिचा?" सांगितला. फिरवला, वाजायच्या आत ठेवून दिला. मग विचारतात, "ब्लीडिंग फार झालं होतं का?" त्यांचं प्रेम असंच, मेलं, केस पेपरवर लिहिल्यासारखं. मला राग आला आणि कणवही आली.
मग म्हणाले, "ती माझं तोंड बघेल का?"
मनूनं "बाबांना घेऊन ये" असं म्हटलेलं नाही. "नको आणू" असंही नाही. नुसतं म्हणाली, "रविवारी आम्ही सगळे दुपारी एक वाजता जेवतो."

रवि., १३
फ्लाइट अडीचची. टा. स्प्रि.ला गेलं तर चुकणार, चुकू दे.

सकाळी ह्यांना सांगून टाकलं: मी लेकीकडे जेवायला चाललेय. तुम्ही यायचं की विमानात बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. दाढी करत होते, करत राहिले.

खाली येऊन गाडीत बसले आहे, हॉटेलच्या दारात. वही मांडीवर घेऊन खरडतेय, हात स्वस्थ राहत नाही म्हणून. दरवान दोनदा येऊन गेला, गाडी पुढे घ्या म्हणून. म्हटलं माझा नवरा यायचाय. खोटं की खरं, मला तरी काय माहीत.

अकरा वाजून गेले. मनू, तू जिवंत आहेस गं बाई, मी डोळ्यांनी बघून आले. एवढंच ह्यांना समजावं.

आले. दारातून बाहेर आले हे. कोट घातलाय, दोन्ही हातांत दोन्ही बॅगा. एअरपोर्टला म्हणून की कशासाठी, चेहऱ्यावरून काही कळत नाही. डिकी उघडायला उतरते.