तीन नंबरची थप्पी

मोहाडी, ३ फेब्रुवारी २०२५
आलो बाप्पा एकदाचा. खोली गोदामाले लागूनच. घरमालकीण धुरपताबाईनं चहा पाजला अन् अश्वजितभाऊ, नागपूरच्या पोटाले आमचा भात पुरते काय म्हणून चिडवलंही. काम मजेचं आहे: तांदळाच्या पोत्यांच्या थप्प्यांत आमच्या कंपनीच्या पट्ट्या खोचायच्या. प्लास्टिकवर सेंद्रिय अर्धवाहकाचा पातळ थर. हवेत ओल, अमोनिया वाढला की त्यातली वीज बदलते अन् मोबाईलवर रेघ चढते. तांदूळ सडायच्या आधीच कळते. आधी हे प्रविण करायचा. तो आठवड्यापूर्वी न सांगता निघून गेला म्हणे.

५ फेब्रुवारी
सगळ्या रेघा सरळ. तीन नंबरच्या थप्पीतली, प्रविणनं लावलेली, तेवढी हलून राहिली. वर, खाली, वर. घड्याळ लावलं: मिनिटाले सोळा वेळा. असा तर माणूस श्वास घेतो. चौकीदार कवडूले त्या थप्पीवरची ताडपत्री उचलायले सांगितलं. तो म्हणे, किड्यांसाठी आत विषारी गॅस सोडला आहे, मुदत संपेपर्यंत हात लावायचा नाही. बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही त्यानं. मले हा माणूस पटला नाही.

६ फेब्रुवारी
कंपनी म्हणते पट्टी खराब असेल. सोळाच वेळा खराब होते काय? मागच्या शेडात प्रविणची मोटरसायकल दिसली. गाडी टाकून कोण जाते? कवडू म्हणे, मले काय माहीत. खोटारडा.

७ फेब्रुवारी
गॅस कमी पडला म्हणे, किडे मेले नाहीत, उद्या पुन्हा देणार. आत कोणी जिवंत असेल तर उद्या मरते. पोलिसाले काय सांगू, रेघ हलते म्हणून — झोप नाही.

८ फेब्रुवारी, सकाळ
हवा खेळायले ताडपत्री एका बाजूनं उघडली. कवडू चहाले गेला. घुसलो.

पोत्यांच्या फटीत प्रविण. थंडगार. पायात बूट.

ताडपत्री खाली आली. रेंज नाही, मोबाईलवरच लिहून राहिलो. गॅस बाहेर जाऊ नये म्हणून हमाल कडेनं वाळूच्या पिशव्या दाबून राहिले. कवडू चपला मोजते आहे, ऐकू येते. अन्नावर पाय पडू नये म्हणून हमाल चपला बाहेर काढतात. बाहेर चपला नाही म्हणजे आत माणूस नाही. अन् आम्ही दोघं बूट घालूनच —

कवडूनं मारलं नाही याले. मीच उगाच —

रेघ अजून सोळा. मी तर धापा टाकून राहिलो.

कवडूनं हाक मारली, आत कोणी आहे काय. मी तोंड उघडलं. पण बाजूनं, प्रविणच्या तोंडून आवाज आला, कोणी नाही म्हणून —