गुडघ्याचा दांडा
लातूर, शुक्रवार, दिवेलागण

बसवराजनं आपल्या जुन्या, आडवी मांडून बसून वाजवायच्या पेडल स्टील गिटारला उदगीरहून गुडघ्यानं ढकलायचे दांडे बसवून आणले. सायकलच्या ब्रेकपासून केलेले! डावा गुडघा जरा सरकवला की सूर असा घसरत वर चढतो, जणू कुणी गातंय. माझ्या गिटारला नुसते पायाखालचे पेडल. दुष्काळात लग्नं न्हाईत. कार्यक्रम एकच, लातूर येगळा जिल्हा झाला त्याच्या सोहळ्याचा. तोही आता त्यालाच मिळाला. वर मलाच म्हणतो, "दादा, हिच्यापुढं बसून बघा की."

बसलो न्हाई. का? बसलो असतो तर उठलो नसतो.

आता लिहिताना डावा गुडघा टेबलाचा पाय ढकलायलाय. बायकोनं पाहिलं.

"गुडघा दुखायलाय का?"

"व्हय," म्हटलं. "लई."