पोळ्याच्या दिवशीचे दोन ड्रम

३ नोव्हेंबर, सोम.
मान्यतेची तपासणी १३ला पक्की. डॉ. सर सकाळी सगळ्यांसमोर: "वैशाली सिस्टर, कागद तुमचे. कागद अडले तर तुमची खैर नाही." ऑपरेशनं त्यांची, बुडायचं मी. आमच्याकडे पेशंट सकाळी येतो, हर्निया काढून संध्याकाळी घरी जातो. फाइल मात्र मुक्कामाला.

४ नोव्हेंबर
ऑटोक्लेव्हचं रजिस्टर जूनपासून कोरं. हत्यारं रोज वाफेतून निघतात. आमच्या आया सिंधूताई काढतात, बावीस वर्षं, एक दिवस चुकला नाही. लिहिणं माझं काम होतं. इथे तरी खरं लिहावं.

दाराआड त्यांचं कॅलेंडर. हत्यारांचा एक ड्रम वाफेतून निघाला की त्या तारखेवर पेन्सिलीची एक रेघ. मी काढून कचऱ्यात टाकलं. निर्जंतुक खोलीत असला कागद चालत नाही.
"मंग मले कसं समजन, आज किती ड्रम झाले?"
"तुम्हाला समजून काय करायचंय?"
त्या परत ड्रम पुसायला लागल्या. मला बरं वाटलं.

८ नोव्हेंबर, शनि.
दुपारी मागच्या खोलीत बसून पाच महिने भरून काढले. तीन वेगवेगळी पेनं, एका बैठकीतलं वाटू नये म्हणून. वेळ, तापमान, सही. सगळीकडे 'सिंधू'. रविवार गाळले, दिवाळी गाळली, १५ ऑगस्ट गाळला. स्वतःच्या हुशारीवर जाम खूश.

१० नोव्हेंबर
सगळ्यांची तोंडी तयारी. सिं.ताईंना विचारलं, आग लागली तर आधी काय कराल?
"पयले पेशंटले बाहेर काढीन."
"चूक. आधी अलार्म."
"अलार्म तं बंदच हाय ना वो मॅडम."
सगळे फिदीफिदी हसले. मी त्यांना उभं करून पाच वेळा म्हणायला लावलं: आधी अलार्म, आधी अलार्म. चौथ्यांदा आवाज बसला. तरी पाचवं घेतलंच.

मी नवीन होते तेव्हा चिमटा खाली पडला, गुपचूप उचलून परत ट्रेमध्ये ठेवला. याच बाईने पाहिलं. कोणासमोर बोलल्या नाहीत. नंतर कोपऱ्यात म्हणाल्या, "चुकलं तं टाका घालाच्या आंधी सांगत जाय, पोरी. मंग उसवा लागते."
आता मला मॅडम म्हणतात. मीच म्हणायला लावलंय.

१३ नोव्हेंबर, गुरु.
तपासनीस बाई हैदराबादहून. पानं उलटता उलटता ऑगस्टवर थांबल्या. गोड हसल्या.
"माझं माहेर अकोल्याचं. पोळ्याच्या दिवशी तुमच्याकडे ऑपरेशनं होतात?"

पोळा! सेंटरला कुलूप होतं. सिं.ताई वलगावला, भावाच्या बैलांना सजवायला. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या आणल्या होत्या, मीच चार खाल्ल्या. आणि रजिस्टरात त्याच दिवशी दोन ड्रम, खाली 'सिंधू'.

सर माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "रजिस्टर सिंधूताई भरतात."
बोलावलं त्यांना. त्यांनी एकदा रजिस्टर पाहिलं, एकदा मला.
"हो जी. मीच भरतो."
"बरं. मग हे वरचं वाचून दाखवा."
वर सगळं इंग्रजी.
"चष्मा नाई आणला जी."
बाईंनी वाट पाहिली. पूर्ण एक मिनिट. मीही पाहिली. मग बाईंनी लिहिलं: खोट्या नोंदी. खुलासा व केलेली कारवाई २४ तारखेपर्यंत कळवा.

१४ नोव्हेंबर
सर: "सिंधूला कमी केलं असं लिहा. विषय संपला."
मी म्हटलं, बावीस वर्षं झाली सर त्यांना.
"मग तुम्हाला कमी केलं असं लिहू?"
सरांना सगळं माहीत आहे. कमी केल्याचं पत्र मीच टाइप केलं. 'बेजबाबदार वर्तन'. शब्द पटकन सुचला.

१७ नोव्हेंबर, सोम.
पत्र दिलं. सिं.ताईंनी घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. वाचून दाखवा म्हणाल्या नाहीत. ड्रम लावायची वेळ झालेली, म्हणाल्या, "हा एक काढूनच जातो." काढला. वाळवला. किल्ली टेबलावर ठेवली.

२१ नोव्हेंबर
नवी मुलगी. सर्टिफिकेट आहे, सुंदर लिहिते. आज ड्रम न वाळवता ओलाच आत नेत होती, ओल्यातून जंतू शिरतात; मी दारात अडवला.

२३ नोव्हेंबर, रवि.
सिं.ताई घरी आल्या. दारातच उभ्या. पिशवीतून कॅलेंडर काढलं, तेच. कचऱ्यातून उचलून नेलं होतं. जूनपासून रोजच्या रेघा. पोळ्याचा चौकोन कोरा.
"घे. तुया कामाचं हाय. मी काय करू याचं?"
"तेव्हा खोटं काहून बोलल्या?"
"तुयं तोंड पांढरं पडलं होतं, पोरी. घाबरली मी."
चहाला थांबल्या नाहीत. बाहेरून म्हणाल्या, एखाद्या दवाखान्यात झाडपुसचं काम असलं तं सांगजो.

हे कॅलेंडर पाठवलं तर काम झालं होतं हे सिद्ध होतं. रेघा मारणारीला लिहिता येत नाही, म्हणजे सह्या कोणाच्या, हेही. मग त्या आत आणि मी बाहेर. पत्र पाठवलं तर मान्यता, पगार, सगळं जागच्या जागी.

२४ नोव्हेंबर, सोम.
शेवटची वेळ पाच. पत्र स्कॅन झालंय. कॅलेंडर पर्समध्ये आहे, अजून काढलं नाही. सरांचे दोन फोन. चार वाजून चाळीस. टाका अजून घातलेला नाही.